केव्हापासून अवलंबून आहात?

विधाते मळा, मखमलाबाद, नाशिक
२० ऑगस्ट २०२४

प्रति,
पडताळणी अधिकारी यांस,

खंडेराव सहादू विधाते यांचा नमस्कार.

तुमचं पाकीट परवा पोस्टमनने सही घेऊन माझ्या हातात दिलं. आत चार पानं इंग्रजी. मी सातवी पास आहे, पण इंग्रजीशी माझा संबंध खताच्या गोणीवरच्या नावापुरता. म्हणून पोस्टमनलाच ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि वाचायला लावलं. त्याने वाचून मराठीत सांगितलं आणि सांगता सांगता हसला. ते हसणं मला लागलं, म्हणून हे पत्र.

तुमचं म्हणणं असं, की माझी मुलगी साधना संतोष ताजने अंबडच्या ज्या कारखान्यात नोकरी करते, तिथल्या आरोग्य विम्यात तिने मला आणि माझी बायको सखुबाई हिला 'अवलंबित' म्हणून लिहिलं आहे. कारखान्याने अशा सगळ्या नावांची तपासणी तुमच्या एजन्सीला दिली आहे. तेव्हा आम्ही खरोखर लेकीवर अवलंबून आहोत, हे आम्ही सिद्ध करायचं. सोबत फॉर्म. त्यात सहावा रकाना, 'केव्हापासून अवलंबून आहात?'

तुम्ही साहेब असाल नाहीतर बाई असाल, एक गोष्ट कान उघडून ऐका. मी कोणावर अवलंबून नाही. माझा शेवंतीचा मळा आहे. रोज पहाटे तीन क्रेट घेऊन मी पंचवटीच्या फुलबाजारात जातो. अडुसष्ट वर्षांचा आहे, सायकलवर जातो. माझ्या बापाने कोणापुढे हात पसरला नाही आणि मीही पसरलेला नाही.

दुसरं. मला मुलगा आहे. ज्ञानेश चाकणला मोठ्या कंपनीत आहे आणि त्याच्या विम्यात आमची नावं आहेत. सखुबाईच्या हृदयाची एक झडप निकामी झाली आहे, दिवाळीच्या आत ऑपरेशन करायला सांगितलंय. त्याचीही सगळी सोय ज्ञानेशने कंपनीतून केली आहे. मुलगा असताना लेकीच्या पदराआड लपायची वेळ आमच्यावर आलेली नाही.

तिसरं, आमच्या घरची रीत आहे. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. साधनाच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. मी अजून तिच्या घरी पाण्याचा घोट घेतलेला नाही. आणि तुम्ही मला तिच्यावर पोसलेला म्हणता.

ही कोणा कारकुनाची चूक असणार. आमची दोघांची नावं त्या यादीतून काढून टाका आणि तसं मराठीत कळवा.

आपला,
खंडेराव सहादू विधाते

---

पडताळणी कक्ष, नाशिक शाखा
२९ ऑगस्ट २०२४

श्री. खंडेराव सहादू विधाते यांस,

महोदय,

आपले दि. २० चे पत्र मिळाले व प्रकरणात दाखल करून घेतले. आपल्या विनंतीनुसार उत्तर मराठीत देत आहे.

आपण स्वतःच्या सहीने कळवले आहे की आपले स्वतंत्र उत्पन्न आहे, आपण मुलीवर अवलंबून नाही आणि मुलाच्या कंपनीच्या विम्यात आपली नावे आहेत. नियमानुसार, असे असल्यास मुलीच्या विम्यात आपली नावे राहू शकत नाहीत. ती दि. २८ पासून वगळण्यात आली आहेत.

त्यामुळे श्रीमती सखुबाई विधाते यांच्या हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी श्रीमती साधना ताजने यांच्या विम्यातून मिळालेली पूर्वमंजुरीही स्थगित झाली आहे. खोटी माहिती दिल्याबद्दल श्रीमती ताजने यांच्याकडून कंपनीने लेखी खुलासा मागवला आहे. खुलासा समाधानकारक नसल्यास त्यांच्यावर कारवाई होऊ शकते.

आपल्याला माहितीत दुरुस्ती करायची असल्यास तीस दिवसांत तीन कागद द्यावेत. एक, आपण मुलीवर अवलंबून असल्याचे प्रतिज्ञापत्र. दोन, श्रीमती ताजने आपली मुलगी असल्याचा पुरावा. तीन, मुलाच्या विम्यात आपली नावे नसल्याचे त्याच्या कंपनीचे पत्र.

हर्षाली देवरे
पडताळणी अधिकारी

---

सिडको, नाशिक
२ सप्टेंबर २०२४

ती. बाबांना सा. न.

तुम्ही माझा फोन कापता, म्हणून हे पत्र सुलाबाईजवळ देतेय. ती भाजी विकून संध्याकाळी मळ्यात परत येईल. तिच्यासमोर फाडू नका, वाचा.

बाबा, तुम्ही काय करून बसलात? मला विचारायचं तरी होतं. ज्या ऑपरेशनची सोय ज्ञानेशने केली असं मी सांगितलं, ती माझ्या कंपनीतून होती. माझ्या विम्यातून म्हटलं असतं तर तुम्ही आईला दवाखान्याची पायरी चढू दिली नसती. म्हणून मी खोटं बोलले. तेवढंच खोटं मी बोलले आहे, कंपनीशी नाही.

आज मला ऑफिसात बोलावलं होतं. वीस वर्षं मी त्या कारखान्यात आहे. पॅकिंगपासून सुरुवात केली, आता क्वालिटीत आहे. माझ्या शिक्क्याशिवाय एक स्विच बाहेर जात नाही. आणि आज मला विचारतात, तुम्ही आई-वडील खोटे दाखवलेत का? समोर तुमचं पत्र ठेवलं होतं. तुमची सही मी दुरूनच ओळखली. मला तिथे काय वाटलं असेल याचा विचार करा.

माझ्या यादीत आहे कोण? संतोषला एकलहऱ्याला त्यांच्या वीज केंद्राची वेगळी सोय आहे, सासूबाई त्यांच्यात आहेत. मूल नाही. मुलांच्या रकान्यात मी दरवर्षी रेघ ओढते आणि खाली तुमची दोघांची नावं लिहिते. त्या स्वतः म्हणाल्या, "लिही गं, तुझे आई-बाप हायेत. त्यात काय कोणाला इचारायचं?" सासूला जे कळलं ते तुम्हाला कळत नाही.

मूल झालं नाही म्हणून चौदा वर्षं तुम्ही माझ्या उंबऱ्यावरून परत जाता. पिशवीतली पाण्याची बाटली बाहेर जिन्यात उभं राहून पिता. मी आतून बघते. मी कधी बोलले नाही, आज बोलते.

डॉक्टर म्हणालेत दिवाळीच्या पुढे थांबू नका. तुम्ही फक्त अवलंबून असल्याचं एका ओळीत लिहून द्या. माझ्या शाळेच्या दाखल्याचं मी बघते. ज्ञानेशच्या कंपनीचं पत्र मात्र मागवू नका, त्यात उगाच वेळ जाईल. ते मी काहीतरी करते.

आईला चालू देऊ नका. गोळ्या डाव्या फडताळात आहेत.

साधना

---

विधाते मळा, मखमलाबाद
९ सप्टेंबर २०२४

हर्षालीबाई देवरे यांस नमस्कार.

तुमचं पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तुम्हाला चूक दुरुस्त करायला सांगितलं आणि तुम्ही माझ्या मुलीला खोटारडी ठरवलंत. तिने माझ्यापासून एक गोष्ट लपवली हे खरं, त्याचं मी तिच्याशी बघून घेईन. तो बाप-लेकीतला मामला आहे. तुमच्या कंपनीशी ती खोटं बोललेली नाही.

आता ती माझी मुलगी असल्याचा पुरावा. बाई, हा प्रश्न लिहिताना तुमचा हात कसा अडखळला नाही? दाखल्यावर साधना खंडेराव विधाते आणि आधार कार्डावर साधना संतोष ताजने, म्हणून तुम्हाला दोन बाया दिसतात. लग्न झालं की आमच्यात बाईचं बापाचं नाव पुसतात, नवऱ्याचं लिहितात. पुसणारे आपणच, आणि पुसलेलं दाखवा म्हणणारेही आपणच. सोबत तिच्या लग्नाची पत्रिका पाठवतो. मे २०१० ची आहे, हळदीचं बोट लागलंय तेवढं सांभाळून घ्या. तिसऱ्या ओळीत छापलंय, 'आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. साधना'. खाली माझं नाव. हजार माणसांत वाटली होती. एकानेही पुरावा मागितला नाही.

ज्ञानेशला मी फोन केला आहे. कंपनीचं पत्र आठ दिवसांत पाठवतो म्हणाला. जरा चाचरत बोलला, कामात असेल. साधनाने मात्र ते मागवू नका म्हणून निरोप दिलाय. माझ्या लक्षात आलं आहे. आईचं ऑपरेशन कोणी करायचं यात दोघांची चढाओढ लागली आहे. अशी लेकरं मिळायला नशीब लागतं. त्याचं पत्र आलं की ऑपरेशन त्याच्या विम्यातून होईल, आणि साधनावरचा डाग तुम्ही स्वतःच्या हाताने पुसायचा.

प्रतिज्ञापत्र मी देणार नाही. जे नाही ते लिहून देणं म्हणजे खोटी साक्ष.

खंडेराव सहादू विधाते

---

चाकण
१७ सप्टेंबर २०२४

ती. बाबा, नमस्कार.

तुम्ही मागितलेलं कंपनीचं पत्र सोबत जोडलं आहे. ते वाचून तुम्ही रागवाल, म्हणून चार ओळी लिहितो.

आमच्या कंपनीत आई-वडील किंवा सासू-सासरे, यांतली एकच जोडी लिहिता येते. उज्वलाच्या वडिलांना शुगर आहे, दर महिन्याला दवाखाना असतो. ते आमच्याजवळच राहतात. तुम्ही धडधाकट, मळा चालू, रोज बाजारात जाता. आईचं हे दुखणं तेव्हा नव्हतं. मी "घरच्यांचं सगळं लिहिलंय" म्हणालो होतो, तुम्ही तुमचं समजलात. नंतर सांगायला जीभ रेटली नाही. ताईला हे चार वर्षांपासून माहीत आहे.

एप्रिलपर्यंत नाव बदलता येत नाही. मी काही पैसे जमवून पाठवतो.

आणखी एक. मागच्या महिन्यात तुम्ही किराण्यासाठी शाब्बासकी दिलीत. मला त्यातलं काही कळलं नाही. मी किराणा पाठवत नाही.

ज्ञानेश

---

पडताळणी कक्ष, नाशिक शाखा
१ ऑक्टोबर २०२४

श्री. खंडेराव विधाते यांस,

महोदय,

आपल्याला दिलेली तीस दिवसांची मुदत संपली आहे. आपल्या मुलाच्या कंपनीचे पत्र व प्रतिज्ञापत्र अद्याप आलेले नाही. श्रीमती ताजने यांनी शाळेचा दाखला व विवाह नोंदणीचा दाखला दिला असून ते पुरावा म्हणून स्वीकारले आहेत. लग्नपत्रिका स्वीकारार्ह कागदांच्या यादीत नाही.

दि. २४ सप्टेंबर रोजी आमच्या प्रतिनिधीने आपल्या मळ्यास भेट दिली. अहवालानुसार मळ्यात फुलांचे कोणतेही पीक नाही. जमीन दोन वर्षे पडीक असल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले. आपण घरी नव्हता. फुलबाजारात एका गाळ्यावर आपण बसलेले आढळलात, जवळ एक रिकामा क्रेट होता. आपले दि. २० ऑगस्टचे पत्र आणि हा अहवाल यांपैकी खरे कोणते, याचा खुलासा करावा. मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवली आहे. त्यानंतर प्रकरण बंद होईल.

हर्षाली देवरे

ता. क. हे कार्यालयाच्या पत्रात लिहू नये, पण हाताने लिहिते. काका, मुदत मी माझ्या अधिकारात वाढवली आहे, पुन्हा वाढवता येणार नाही. मी दिवसाला चाळीस घरांची नाती तपासते. आमच्या स्वतःच्या एजन्सीत आई-वडिलांना विमाच नाही, माझे सटाण्याला असतात. तुमच्या लेकीचा खुलासा माझ्यासमोर आहे. तिने एकच वाक्य लिहिलंय, 'वडिलांनी लिहिलं ते त्यांना खरं वाटतं म्हणून लिहिलं, त्यांना दोष देऊ नये.' पत्रिका फाइलमधून काढलेली नाही.

---

विधाते मळा, मखमलाबाद
१० ऑक्टोबर २०२४

हर्षालीबाईंस,

तुमच्या माणसाचा अहवाल खरा आहे. माझं पत्र खोटं होतं.

मळ्यात दोन वर्षांत फूल नाही. शेवंती खुडायची ती सखुबाई. मी क्रेट भरायचो, सायकलला बांधायचो, बाजारात भाव करायचो आणि घरी येऊन मिशीला पीळ देऊन सांगायचो, आज माझ्या शेवंतीने बाजार मारला. तिला धाप लागायला लागली तसं खुडणं बंद पडलं. मी खुडून पाहिलं. बोटं थरथरतात, देठाऐवजी फूलच चुरगळतं. तेव्हा कळलं की मळा माझा नव्हताच, तिचा होता. पण तीस वर्षं बाजारात जाणारा माणूस एकाएकी घरी कसा बसेल? म्हणून रोज पहाटे रिकामा क्रेट बांधून निघतो आणि मनोजच्या गाळ्यावर जाऊन बसतो. मनोज हार करतो, मी दोरा तोडून देतो. वाटेत भेटणाऱ्याला वाटतं, खंडेराव माल टाकून आला.

ज्ञानेशच्या कंपनीचं पत्र सोबत आहे. वाचा. पत्नी, मुलगा, सासरे, सासू. आमचं नाव नाही. ते आल्यावर मी तीन वेळा वाचलं, मग पोस्टमनकडून वाचून घेतलं. या वेळी तो हसला नाही.

आणि किराणा. दर महिन्याच्या पाच तारखेला भाजी विकणारी सुलाबाई आमच्याकडे एक पोतं आणते. गहू, डाळ, तेल, सखुबाईच्या गोळ्या. "ज्ञानेशने धाडलंय," असं म्हणून ठेवते. दोन वर्षं मी गावभर सांगत फिरलो, पोरगा असावा तर असा. आता ज्ञानेश म्हणतो मी पाठवत नाही. सुलाबाईला धरून विचारलं, तर ती म्हणाली, "मला साधनाने शपथ घातली व्हती, दादा." मग सखुबाईला विचारलं. ती भिंतीला टेकून बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. मी आवाज चढवला, की मला का नाही सांगितलं.

ती म्हणाली, "तुमाला माहीत नव्हतं, का माहीत करून घ्यायचं नव्हतं?"

बाई, चाळीस वर्षांच्या संसारात ती मला असं कधी बोलली नव्हती. दोन आठवडे आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही, म्हणून तुमचा कागदही तसाच पडून राहिला. हा माझा गुन्हा आहे. त्या दोन आठवड्यांत तिला दोनदा ऑक्सिजन लावावा लागला.

ज्या लेकीच्या घरचं पाणी पीत नव्हतो, तिचंच अन्न मी दोन वर्षं खातो आहे. रीत पाळली म्हणून मिरवत होतो आणि तिने शिजवायला दिलेल्या डाळीचा भुरका मारत होतो. माझा मला एवढा संताप आला आहे की सांगता येत नाही. पण तुमच्यावरचाही गेलेला नाही. मुलाने आई-बाप सोडून सासरे लिहिले, त्याच्या कंपनीच्या कागदात सगळं बरोबर. मुलीने आई-बाप लिहिले, तर तिला खुलासा, तिच्या बापाच्या मळ्यात तपासाला माणूस. नातं तपासायचं असेल तर नीट तपासा. नाव कोणी लिहिलं एवढंच बघू नका, कोणी लिहिलं नाही तेही बघा.

प्रतिज्ञापत्र जोडलं आहे. कोर्टासमोरच्या टायपिस्टकडे गेलो होतो. त्याच्याकडे मजकूर तयार असतो, नुसतं नाव घालायचं. मी म्हटलं, माझा मजकूर मी सांगतो. तो म्हणाला, "काका, असं कोणी लिहीत नाय." मी म्हटलं, तू लिही. तुमच्या फॉर्मचे रकाने त्यात भरले आहेत. सहाव्याचं उत्तर जागेत मावत नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

केव्हापासून अवलंबून आहात? जून २००४ पासून.

त्या महिन्यात साधनाचा बारावीचा निकाल लागला. शाळेत दुसरी आली होती. तिच्या शाळेच्या बाई घरी आल्या होत्या पेढे मागायला, आणि पुढे हिला इंजिनीअर करा म्हणाल्या. मी त्यांना चहा पाजला आणि ओट्यापर्यंत पोचवायला जाताना म्हणालो, पोरीला शिकवून काय उपयोग, उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, आमचा आधार तो ज्ञानेश. साधना दारामागे उभी होती. पुढच्या सोमवारी ती अंबडला पॅकिंगला लागली. ज्ञानेशचा डिप्लोमा तिच्या पगारावर झाला. तिचं लग्न सुद्धा तिच्याच पगारावर झालं, पत्रिकेवर मात्र नाव माझं छापलं. त्या दिवसापासून आजपर्यंत या घराचा आधार कोण होतं हे तुमच्या माणसाने मळ्यात एक चक्कर मारून शोधून काढलं. मी वीस वर्षं त्याच मळ्यात राहून शोधलं नाही.

मी, खंडेराव सहादू विधाते, वय ६८, लिहून देतो की मी आणि माझी बायको सखुबाई आमची ज्येष्ठ कन्या साधना हिच्यावर पूर्णपणे अवलंबून आहोत. ही माहिती खोटी ठरल्यास होणाऱ्या शिक्षेस मी पात्र आहे. खरी ठरली, तर तिची शिक्षा मी आधीच भोगतो आहे.

आता तुमचं काम करा. सखुबाईकडे वेळ नाही.

खंडेराव

---

पडताळणी कक्ष, नाशिक शाखा
१४ ऑक्टोबर २०२४

श्री. खंडेराव विधाते यांस,

महोदय,

आपले प्रतिज्ञापत्र व मुलाच्या कंपनीचे पत्र मिळाले. आपली व श्रीमती सखुबाई यांची नावे श्रीमती साधना ताजने यांच्या विम्यात पूर्ववत करण्यात आली आहेत. शस्त्रक्रियेची मंजुरी आज दुपारी रुग्णालयास कळवली. श्रीमती ताजने यांच्याकडून मागवलेला खुलासा कंपनीने निकाली काढला असून 'कर्मचाऱ्याने दिलेली माहिती खरी होती' अशी नोंद घेतली आहे. त्या नोंदीची प्रत त्यांना लेखी देण्यात यावी, असे मी सुचवले होते. ती दिली आहे.

सहाव्या रकान्यात संगणकाने जून २००४ ही तारीख घेतली नाही. विमा २०१५ साली सुरू झाला, त्याआधीचे अवलंबन त्याला मान्य नाही. तिथे मला २०१५ टाकावे लागले. कागदावर मात्र आपली तारीख तशीच ठेवली आहे.

हर्षाली देवरे

ता. क. आमच्या साहेबांकडे मी आज माझ्या आई-वडिलांसाठी अर्ज दिला. सोबत तुमच्या पत्राचं शेवटचं पान वाचायला दिलं, नाव झाकून. रागावू नका.

---

विधाते मळा, मखमलाबाद
३१ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. साधनास अनेक आशीर्वाद.

हे पत्र सुलाबाईच्याच हाती देतो आहे. ती म्हणते, तुमच्या बाप-लेकीची मी पोस्ट झाले. फोनवर मला हे बोलता यायचं नाही.

तुझी आई ऑपरेशन होऊन काल दवाखान्यातून तुझ्याकडे आली, ते बरं झालं. डॉक्टरांचा दवाखाना तुझ्या घरापासून जवळ पडतो. मला तुम्ही रिक्षातून तुझ्या इमारतीच्या दारापर्यंत नेलं आणि मी तिथूनच परत फिरलो. मला वर यायचं नव्हतं असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं. तुझ्या उंबऱ्यावर उभं राहायला मला लाज वाटली. तुझ्या आईला दोन माणसांनी धरून जिना चढवला, आणि मी खाली क्रेट हरवल्यासारखा उभा राहिलो.

ज्ञानेश दवाखान्यात आला होता. मान वर करत नव्हता. भाऊबीजेला तो तुझ्याकडे येणार आहे, तेव्हा काय बोलायचं ते तू बोल. तुझा अधिकार आहे.

माझा मात्र तुझ्यावर राग आहे. तो तुला समोर बसून सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. दोन वर्षं तू मला भलत्याच माणसाचे उपकार मानायला लावलेस. मी चारचौघांत ज्याचं नाव घेत होतो, त्याने काही केलं नव्हतं, आणि जिने केलं तिचं नाव मी एकदाही घेतलं नाही. एवढी मोठी चूक तू मला करू दिलीस. बापाचा मान राखायला म्हणून केलंस, ठाऊक आहे. असला मान मला नको होता. ती एक गोष्ट. दारामागे उभं राहून सगळं ऐकूनही तू वीस वर्षं एक शब्द बोलली नाहीस, ही दुसरी. आणखी बऱ्याच आहेत, वाटेत आठवत येईन.

गावात मी सगळ्यांना सांगितलं आहे. चावडीवर, मनोजच्या गाळ्यावर, पोस्टमनला सुद्धा. किराणा कोणाचा, ऑपरेशन कोणाच्या विम्यातून, सगळं. रीतीचं काय, असं चावडीवर एकाने विचारलं. मी म्हटलं, रीत पाळायला तोंड लागतं, आणि माझ्या तोंडात वीस वर्षं तिचाच घास आहे.

पाडव्याला सकाळी मी तुझ्या घरी भांडायला येतो आहे. वर येईन. बाटली आणणार नाही. भांडून भांडून घसा कोरडा पडेल, तेव्हा मी पाणी मागेन. ते तू स्वतः दे.

तुझा,
बाबा